कादंबरीतून जन्मलेले हेरखाते

हेर हा राज्याचा डोळा, ही कल्पना आपल्या देशात फार पुरातन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढपुरुषांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. शिष्य, संन्यासी, शेतकरी, व्यापारी, तापस यांपैकी कोणत्या वेषात कोणता माणूस पाठवावा, आणि त्याने आणलेली बातमी इतर दोघांच्या बातमीशी जुळल्यावाचून ती खरी कशी मानू नये, याचे नियम तेथे हिशेबनिसाच्या कोरडेपणाने सांगितले आहेत. सभासदाच्या बखरीत सुरतेच्या स्वारीपूर्वी बातमी घेऊन येणारा बहिरजी जाधव नाईक क्षणभर भेटतो आणि पुन्हा दृष्टीआड होतो. त्याच्या नावाभोवतीचे बाकीचे सारे पुढच्या कादंबरीकारांनी आणि चित्रपटकारांनी उभारलेले आहे. जुना क्रम हा असा होता. आधी हेर होता, मग त्याची गोष्ट झाली, आणि तीही फार उशिरा.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात हा क्रम उलटा झाला. तेथे हेरांच्या गोष्टी आधी निघाल्या, त्या लाखो लोकांनी वाचल्या, आणि त्या वाचून घाबरलेल्या राज्यकर्त्यांनी मग हेरखाते काढले. आज जगभर कादंबऱ्यांतून, चित्रपटांतून आणि दूरचित्रवाणीच्या मालिकांतून जे ब्रिटिश हेरखाते मिरवत असते, त्याचा जन्म असा गोष्टीच्या पोटी झालेला आहे. हा केवळ एक गमतीचा योगायोग असता तर त्याची दखल घेण्याचे विशेष कारण नव्हते. परंतु त्या गोष्टींनी एक कायदा जन्माला घातला, आणि त्या कायद्याचे अपत्य आजही भारतात नांदत आहे.

इंग्लंडच्या मनात परचक्राची भीती पेरण्याचे पहिले काम एका लष्करी इंजिनिअरने केले. जॉर्ज चेस्नी हा बंगाल इंजिनिअर्समधील अधिकारी हिंदुस्थानात नोकरी करून गेलेला होता. प्रशियाने फ्रान्सचा धुव्वा उडवला त्याच सुमारास, १८७१ साली, ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये त्याने ‘द बॅटल ऑफ डॉर्किंग’ ही गोष्ट लिहिली. एक वृद्ध स्वयंसैनिक आपल्या नातवंडांना इंग्लंडचा पराभव कसा झाला ते सांगतो आहे, अशी तिची रचना आहे. गोष्ट इतकी गाजली की मुख्य प्रधान ग्लॅडस्टन यांना जाहीर सभेत तिच्याविरुद्ध बोलावे लागले. तेव्हापासून अशा कथांची एक रांगच लागली. प्रारंभी त्यांत शत्रू बहुधा फ्रेंच असे. जर्मनीने मोठे आरमार बांधावयास घेतल्यावर तो जर्मन झाला.

या रांगेतील खरोखर चांगले पुस्तक एकच, आणि ते १९०३ साली निघाले. अर्स्किन चिल्डर्स हा कॉमन्स सभेच्या कचेरीतील कारकून शिडाच्या होड्यांचा शौकीन होता. त्याच्या ‘द रिडल ऑफ द सँड्स’ या कादंबरीत दोन इंग्रज मित्र एका लहानशा होडीतून जर्मनीच्या फ्रिजियन बेटांच्या उथळ, वाळूने भरलेल्या पाण्यात हिंडतात आणि तेथे इंग्लंडवरील स्वारीची गुप्त तयारी चाललेली त्यांना दिसते. भरती-ओहोटीची वेळ, वाळूचे दांडे, धुके यांचे वर्णन इतके बिनचूक आहे की ब्रिटिश नौदल खात्याने कादंबरीतील बेत प्रत्यक्षात शक्य आहे काय, याची चौकशी करविली. १९१० साली ब्रँडन आणि ट्रेंच हे दोन खरेखुरे ब्रिटिश अधिकारी याच किनाऱ्यावर टेहळणी करताना जर्मनांच्या हाती सापडले, तेव्हा त्यांच्या खटल्यात या कादंबरीचा उल्लेख निघाला. दोघांना चार चार वर्षांची किल्ल्यातील कैद झाली. १९१३ साली कैसरच्या कन्येच्या विवाहप्रसंगी त्यांना माफी मिळाली. चिल्डर्सचा शेवट मात्र फार वेगळा झाला. इंग्लंडच्या रक्षणासाठी कादंबरी लिहिणारा हा माणूस पुढे आयर्लंडच्या स्वातंत्र्याचा कट्टर पुरस्कर्ता बनला आणि १९२२ साली आयरिश यादवी युद्धात नव्या आयरिश सरकारच्याच गोळ्यांनी मेला.

चिल्डर्सजवळ अनुभव होता आणि लेखणीचा संयमही होता. विल्यम ल क्यू याच्याजवळ दोन्ही नव्हते, पण त्याला वाचक कशाने घाबरतो ते नेमके ठाऊक होते. १९०६ साली लॉर्ड नॉर्थक्लिफ यांच्या ‘डेली मेल’ या वर्तमानपत्रात त्याची ‘द इन्व्हेजन ऑफ १९१०’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. हिंदुस्थानचे माजी सरसेनापती आणि कानपुरात जन्मलेले लॉर्ड रॉबर्ट्स यांना इंग्लंडात सक्तीची लष्करभरती हवी होती. त्यांनी या कामी ल क्यूला साह्य केले आणि त्याने मोटारीने पूर्व इंग्लंड पालथा घालून जर्मन सैन्याचा मार्ग आखला. तो मार्ग युद्धशास्त्राला धरून होता, पण वर्तमानपत्राच्या मालकाला पसंत पडला नाही. सैन्य अशा आडगावांतून चालले होते की तेथे ‘डेली मेल’ विकत घेणारे कोणी नव्हते! तेव्हा कादंबरीतील जर्मनांना मोठ्या शहरांकडे वळविण्यात आले. उद्याच्या अंकात कोणत्या गावांवर धाड पडणार, याच्या जाहिराती झळकल्या. लंडनच्या रस्त्यांतून टोकदार शिरस्त्राणे आणि प्रशियन गणवेश घातलेली माणसे गळ्यात फलक अडकवून हिंडविण्यात आली. मुख्य प्रधान कँबेल-बॅनरमन यांनी पार्लमेंटात या लिखाणाचा निषेध केला, पण त्याने खप कमी झाला नाही. पुस्तकरूपाने कादंबरीच्या लाखो प्रती गेल्या आणि तिची अनेक भाषांत भाषांतरे झाली.

तीन वर्षांनी, १९०९ साली, याच लेखकाचे ‘स्पाइज ऑफ द कैसर’ प्रसिद्ध झाले. त्यात एक नवी युक्ती होती. स्वारीचे सैन्य अद्याप यावयाचे असले तरी त्याचे हेर आधीच येऊन घराघरांत बसले आहेत, असे ल क्यूने सांगितले. हॉटेलातील वाढपी, न्हावी, रोटीवाला, सुट्टीत पायी हिंडणारा पाहुणा, यांपैकी कोणीही जर्मन असला की तो कैसरचा हस्तक समजावा. अशा हस्तकांची संख्या पाच हजारांवर आहे, असा त्याचा दावा होता. कथा क्रमशः छापणाऱ्या ‘वीकली न्यूज’ या साप्ताहिकाने हेरांची माहिती कळविणाऱ्या वाचकांना दहा पौंडांचे बक्षीस लावले. पत्रांचा पाऊस पडला यात नवल नाही. शेजारचा भाडेकरू रात्री उशिरा येतो, त्याच्या खोलीत नकाशा आहे, तो पुलाकडे टक लावून पाहत होता, अशा स्वरूपाची ती पत्रे होती. कल्पित कथेने वाचकाला डोळे दिले, आणि त्या डोळ्यांना जे दिसले ते वाचकाने पुरावा म्हणून परत पाठविले.

ही पत्रे पुढे कोठे गेली, हाच या इतिहासातील मर्माचा भाग आहे. लष्करी खात्यात परदेशी हेरांविषयी माहिती ठेवणारी एक लहानशी शाखा होती आणि कर्नल जेम्स एडमंड्स हे तिचे प्रमुख होते. एडमंड्स आणि ल क्यू यांचा स्नेह होता. वाचकांकडून आलेली पत्रे ल क्यू एडमंड्सकडे पाठवी. १९०९ च्या मार्चमध्ये सरकारने साम्राज्य संरक्षण समितीची एक उपसमिती युद्धमंत्री हॉल्डेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमली, तेव्हा तिच्यापुढे एडमंड्स यांनी आकडे ठेवले. १९०७ साली संशयास्पद प्रकरणे पाच, १९०८ साली सत्तेचाळीस, आणि १९०९ च्या पहिल्या तीन महिन्यांतच चोवीस. प्रकरणे का वाढली याचे उत्तर त्यांच्याच निवेदनात होते. काही वर्तमानपत्रांनी या विषयाकडे लोकांचे लक्ष वेधल्यावर ती उजेडात येऊ लागली, असे ते स्वतः सांगत होते. वर्तमानपत्रांनी लक्ष वेधले ते कशाच्या योगे, हे विचारण्याचे मात्र राहून गेले. समितीतील लॉर्ड ईशर यांना साक्षीदार भोळसट वाटला आणि त्यांनी त्याची थोडी थट्टाही केली.

हॉल्डेन हे काही सहज फसणारे गृहस्थ नव्हते. ते जर्मनीत शिकलेले, जर्मन तत्त्वज्ञानाचे भाषांतर केलेले, त्या राष्ट्राविषयी आदर बाळगणारे होते. अशा माणसाचे मन वळण्यास समितीच्या अखेरच्या बैठकीच्या सुमारास आलेल्या एका हकीकतीचा हातभार लागला. एक फ्रेंच फिरता विक्रेता स्पा येथून हँबुर्गला आगगाडीने चालला होता. डब्यात एक जर्मन प्रवासी होता आणि दोघांच्या पिशव्या सारख्या होत्या. उतरताना पिशव्यांची अदलाबदल झाली, आणि फ्रेंचाच्या हाती आलेल्या पिशवीत इंग्लंडवरील स्वारीचे तपशीलवार बेत निघाले! ही हकीकत खुद्द ल क्यूच्या एखाद्या प्रकरणातून उचलून आणल्यासारखी आहे. पुढील काळातील इतिहासकारांना ती तशीच वाटली. समितीला ती पुराव्यासारखी वाटली. जर्मन हेरांचे विस्तृत जाळे देशात पसरले आहे याविषयी शंका नाही, असा निष्कर्ष तिने काढला आणि एक गुप्त सेवा कार्यालय स्थापण्याची शिफारस केली.

ऑक्टोबर १९०९ मध्ये हे कार्यालय सुरू झाले. त्यात माणसे दोनच होती. भूदलातील कॅप्टन व्हर्नन केल हे अनेक भाषा जाणणारे, दम्याने पीडलेले अधिकारी, आणि नौदलातील कमांडर मॅन्सफील्ड कमिंग. पहिल्या दिवशी कमिंग दिवसभर कचेरीत बसून राहिले. कोणी भेटावयास आले नाही आणि करावयास काही कामही नव्हते, अशी नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. लवकरच दोघांनी कामे वाटून घेतली. केल यांच्याकडे देशातील शत्रूचे हेर धरण्याचे काम आले आणि त्यातून पुढे ‘एमआय फाइव्ह’ झाले. कमिंग यांच्याकडे परदेशात हेर पाठविण्याचे काम आले आणि त्यातून ‘एमआय सिक्स’ झाले. कमिंग हिरव्या शाईने ‘सी’ एवढेच अक्षर लिहून सही करीत. ती रीत त्यांच्यानंतरच्या प्रत्येक प्रमुखाने पाळली आहे. कादंबऱ्यांतील एकाक्षरी नावांच्या साहेबांचे मूळ येथे सापडते.

मग इंग्लंडात जर्मन हेर मुळीच नव्हते काय? होते, परंतु फार थोडे आणि बहुतेक सामान्य कुवतीचे. जर्मन नौदलाच्या गुप्तवार्ता शाखेतर्फे गुस्टाव श्टाइनहाउअर नावाचा माणूस त्यांची व्यवस्था पाही. लंडनच्या कॅलिडोनियन रस्त्यावरील कार्ल गुस्टाव अर्न्स्ट या न्हाव्याच्या दुकानातून त्यांची पत्रे पुढे जात. केल यांनी टपाल उघडण्याची परवानगी मिळवून ही पत्रे वाचली आणि १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू होताच त्यांतील माणसे पकडली. त्यांना रस होता तो लढाऊ जहाजांत. पूल उडविणारे, विहिरी नासविणारे, स्वारीची वाट पाहणारे हजारोंचे सैन्य कोठेही निघाले नाही. निर्माण झालेल्या खात्याने चांगले काम केले, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या संकटासाठी ते निर्माण झाले ते कागदावरचेच होते.

कागदावरच्या संकटाचे चटके मात्र खऱ्या माणसांना बसले. १९१५ च्या मे महिन्यात ‘लुसिटानिया’ बोट जर्मनांनी बुडविल्यावर लंडन, लिव्हरपूल आणि इतर शहरांत जर्मन नावाच्या दुकानांवर जमाव चालून गेले. वर्षानुवर्षे शेजाऱ्यांना पाव आणि मांस विकणाऱ्या कुटुंबांची घरे लुटली गेली. त्या वर्षाच्या अखेरीस ३० हजारांहून अधिक परदेशी नागरिक छावण्यांत डांबलेले होते. ल क्यू याच काळात जर्मन हस्तक आपल्या जिवावर उठले आहेत, असे सांगून पोलिसांकडे संरक्षण मागत होता. पोलिसांनी त्याची मागणी फारशी मनावर घेतली नाही. देशात त्याच्या गोष्टींवर विश्वास न ठेवणारे बहुधा तेवढेच उरले होते.

दुसरा परिणाम अधिक टिकाऊ ठरला. १९११ च्या उन्हाळ्यात मोरोक्कोतील आगादीर बंदरावरून जर्मनीशी तणाव वाढला असता सरकारने शासकीय गुपितांचा नवा कायदा पार्लमेंटापुढे आणला. १८ ऑगस्ट १९११ रोजी कॉमन्स सभेने तो एका तासाच्या आत संमत केला. हेरांना शासन करण्याचे कलम त्यात होतेच. पण त्याचे दुसरे कलम असे होते की सरकारी नोकराने कोणतीही सरकारी माहिती, मग ती कितीही क्षुल्लक असो, अधिकाराशिवाय बाहेर सांगितली की गुन्हा व्हावा, आणि ती घेणाराही गुन्हेगार ठरावा. हेरांच्या भयाने जाग्या झालेल्या सभेने हेरांशी संबंध नसलेले हे कलमही त्याच झपाट्यात मान्य केले.

हिंदुस्थानात या प्रश्नावर त्यापूर्वीच वाद झालेला होता. येथे गुपितांचा पहिला कायदा १८८९ चा. १९०३ साली लॉर्ड कर्झन यांनी त्याची कक्षा लष्करी बाबींपलीकडे मुलकी कारभारापर्यंत वाढविणारे विधेयक आणले. तेव्हा कायदे कौन्सिलात त्याला कडाडून विरोध करणारे नामदार गोपाळ कृष्ण गोखले होते. गोऱ्यांच्या मालकीच्या वर्तमानपत्रांनीही या बाबतीत नेटिव्ह पत्रांच्या सुरात सूर मिळविला, असा तो विरळा प्रसंग होता. विधेयकात थोडे फेरफार झाले आणि १९०४ च्या मार्चमध्ये ते संमत झाले. पुढे १९२३ साली हे जुने कायदे काढून टाकून ब्रिटिश नमुन्यावर नवा एकत्रित कायदा करण्यात आला. ल क्यूच्या वाचकांनी दहा पौंडांच्या आशेने लिहिलेल्या पत्रांची वाट अशी सिमला-दिल्लीपर्यंत येऊन पोहोचली.

त्याच १९०९ सालाचा हिंदुस्थानशी आणखी एक धागा आहे. १ जुलै रोजी मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये कर्झन वायली यांचा वध केला. त्यानंतर युरोपातील हिंदी क्रांतिकारकांवर नजर ठेवण्यासाठी मुंबई पोलिसांतील जॉन वॉलिंजर या अधिकाऱ्याला लंडनला धाडण्यात आले. इंडिया हाउस, श्यामजी कृष्णवर्मा, सावरकर आणि त्यांचे सहकारी हा त्याच्या कामाचा विषय होता. महायुद्ध सुरू झाल्यावर वॉलिंजरला स्वित्झर्लंडमध्ये विश्वासू माणसे हवी होती. १९१५ साली त्याने एका नाटककाराला हाताशी धरले. त्याचे नाव सॉमरसेट मॉम. लेखकाला कोठेही राहून लिहिता येते, म्हणून जिनिव्हात राहण्यास त्याला सबब शोधावी लागली नाही.

या अनुभवावर मॉमने १९२८ साली ‘अ‍ॅशेंडन’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. त्यातील नायकाचा वरिष्ठ ‘आर’ हा वॉलिंजरवरून घेतलेला आहे. मुंबईच्या पोलिसखात्यातील अधिकारी अशा रीतीने इंग्रजी हेरकथेतील पहिला अस्सल साहेब झाला. ल क्यूच्या भडक दुनियेनंतर मॉमच्या पानांवर येणे म्हणजे जत्रेतून कचेरीत येण्यासारखे आहे. येथे हेर वाट पाहतो, कंटाळतो, पगार वाटतो, अहवाल लिहितो, आणि त्याच्या कामाचा शेवट काय झाला हे पुष्कळदा त्याला कळतही नाही. एका कथेत चंद्रलाल नावाच्या हिंदी क्रांतिकारकाला त्याच्या प्रेमपात्र नर्तकीकरवी स्वित्झर्लंडमधून फ्रेंच हद्दीत ओढून आणण्याचा डाव आहे. त्या स्त्रीला तुरुंगाची भीती घालून तिच्याकडून पत्रे लिहविली जातात. चंद्रलाल येतो, पकडला जातो आणि विष घेऊन मरतो. शेवटी ती स्त्री आपण त्याला दिलेले घड्याळ परत मागते. ब्रिटिश सत्तेशी एकट्याने झुंजणाऱ्या या माणसाविषयी खुद्द अ‍ॅशेंडनला आदर वाटतो, हेही मॉमने लपविलेले नाही.

चंद्रलालच्या मागे जी खरी व्यक्ती आहे ती वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय. हैदराबादच्या जुन्या रहिवाशांना हे घराणे परके नाही. निजाम कॉलेजशी निगडित असलेले विद्वान अघोरनाथ यांचे ते पुत्र आणि सरोजिनी नायडूंचे बंधू. महायुद्धाच्या काळात बर्लिनमधील हिंदी क्रांतिकारकांच्या समितीचे ते प्रमुख होते. स्वित्झर्लंडमध्ये त्यांना गाठण्याचा प्रयत्न ब्रिटिशांच्या एका हस्तकाने खरोखर केला होता आणि तो फसला. कथेत लेखकाने त्यांना मारले, प्रत्यक्षात ते जगले. पण कोठवर? पुढे ते सोव्हिएट रशियात गेले, विद्वान म्हणून काम करू लागले, आणि १९३७ साली स्टालिनच्या संहारसत्रात परकीय हेर ठरवून त्यांना गोळी घालण्यात आली. ब्रिटिश हेरांना जो कधी सापडला नाही तो माणूस हेर म्हणून मारला गेला, असे कथानक एखाद्या कादंबरीकाराने रचले असते तर त्याला अतिरंजित म्हटले असते.

मॉमला कायद्याने हात लावला नाही, कारण त्याने कथा लिहिल्या होत्या. कॉम्प्टन मॅकेन्झी याने मात्र सत्य लिहिण्याची चूक केली. युद्धात ग्रीसमध्ये हेरखात्याचे काम केलेल्या या कादंबरीकाराने १९३२ साली ‘ग्रीक मेमरीज’ या नावाने आठवणी छापल्या आणि त्यांत ‘सी’ म्हणजे कमिंग, हे लिहिले. कमिंग यांना वारून तेव्हा नऊ वर्षे झाली होती. तरीही १९११ च्या कायद्याखाली खटला होऊन मॅकेन्झीला शंभर पौंड दंड झाला आणि पुस्तक मागे घेण्यात आले. दुसऱ्याच वर्षी त्याने हेरखात्याची यथेच्छ टर उडविणारी ‘वॉटर ऑन द ब्रेन’ ही कादंबरी लिहिली आणि तिला कोणीही हरकत घेतली नाही. आठवण लिहिली की गुन्हा आणि गोष्ट लिहिली की मोकळीक, हा दंडक तेथून पक्का झाला. सरकार जे खाते अस्तित्वात आहे असेही कबूल करीत नव्हते, त्याचा इतिहास जनतेने मग कादंबऱ्यांतूनच वाचला.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा व्यवसाय भरभराटीस आला. नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात काम केलेल्या इयन फ्लेमिंगने १९५३ साली ‘कॅसिनो रॉयाल’ लिहून जेम्स बाँडला जन्म दिला. हा बाँड प्रथम अवतरला तो चित्रपटात नव्हे, तर १९५४ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवरील एका तासाच्या नाटकात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बाँडविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही. साम्राज्य हातचे गेलेल्या राष्ट्राला त्याने एक देखणे स्वप्न दिले, एवढेच.

जॉन ल कारे या टोपणनावाने लिहिणाऱ्या डेव्हिड कॉर्नवेलने दोन्ही खात्यांत नोकरी केली होती. १९६३ साली आलेल्या त्याच्या ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ने बाँडच्या स्वप्नाला उत्तर दिले. त्याच वर्षाच्या जानेवारीत किम फिल्बी हा ब्रिटिश हेरखात्यातील एके काळचा वरिष्ठ अधिकारी बैरूतहून रशियाला पळून गेला होता. वर्षानुवर्षे तो मॉस्कोचा माणूस होता. या जखमेवरच ल कारेने १९७४ साली ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ लिहिली. १९७९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात बीबीसीने तिचे सात भाग दाखविले. अलेक गिनेस यांनी साकारलेला जॉर्ज स्मायली जाड चष्म्याचा, हळू बोलणारा, बायकोने सोडलेला म्हातारा आहे. तो जुन्या फायली वाचतो, निवृत्त माणसांना भेटतो, आणि फितूर कोण ते शोधून काढतो. भूमिकेच्या तयारीसाठी गिनेस खात्याचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांना जेवणास भेटले होते. मालिका संपून महिना उलटला नव्हता, तोच १५ नोव्हेंबरला मुख्य प्रधान थॅचर यांनी पार्लमेंटात सांगितले की राणीच्या चित्रसंग्रहाचे माजी व्यवस्थापक अँथनी ब्लंट हेही सोव्हिएट हेर होते. त्यांनी १९६४ सालीच अभयदान घेऊन कबुली दिली होती आणि पंधरा वर्षे ती झाकून ठेवण्यात आली होती.

मालिका उत्तम होती यात वाद नाही. पण तिनेही एक असत्य मोठ्या गोडीने सांगितले. कथेतील खाते आपल्या चिकाटीने फितूर पकडते. प्रत्यक्षातील खात्याने फिल्बीची समजूत घालावयास त्याच्याच जुन्या मित्राला बैरूतला पाठविले आणि मग त्याला निसटू दिले. ब्लंटला तर पदावर राहू दिले. स्मायलीचा कोणी प्रतिरूप त्या इमारतीत असलाच, तर त्याचे कोणी ऐकले नाही.

रशियातही हीच विद्या शिकली गेली, फक्त तेथे खात्याने लाजण्याचे कारण ठेवले नाही. स्टालिनच्या काळातील अत्याचारांनी काळवंडलेले गुप्त पोलिसांचे नाव उजळावे, ही १९६७ पासून केजीबीचे प्रमुख असलेल्या आंद्रोपोव यांची इच्छा होती. युलियन सेम्योनोव यांच्या कादंबरीवरून तात्याना लिओझ्नोवा या दिग्दर्शिकेने केलेली ‘सतरा वसंत क्षण’ ही बारा भागांची मालिका १९७३ च्या ऑगस्टमध्ये झळकली, आणि तिच्या सल्लागारांत केजीबीचे वरिष्ठ अधिकारी टोपणनावाने होते. १९४५ च्या वसंतात बर्लिनमध्ये नाझी अधिकाऱ्याच्या वेषात वावरणारा सोव्हिएट हेर श्टिर्लिट्झ हा तिचा नायक. एका प्रसंगात त्याची पत्नी हजारो मैलांवरून बर्लिनकडे आणली जाते. उपाहारगृहात ती एका टेबलाशी बसते, तो दुसऱ्या टेबलाशी, आणि कित्येक मिनिटे एकही शब्द न बोलता दोघे एकमेकांकडे पाहतात. ज्या संस्थेने असंख्य पती-पत्नींची ताटातूट केली, तिच्यासाठी हा प्रसंग किती मोलाचा होता! मालिकेतील जर्मन-अमेरिकन वाटाघाटी स्वित्झर्लंडमध्ये खरोखर झाल्या होत्या. श्टिर्लिट्झ मात्र कधीच नव्हता.

ब्रिटनमध्ये पडदा फार सावकाश उघडला. एमआय फाइव्हला कायद्याचे अधिष्ठान १९८९ साली मिळाले, आणि १९११ च्या कायद्याचे ते व्यापक दुसरे कलम त्याच वर्षी रद्द झाले. एमआय सिक्सचे अस्तित्व सरकारने पार्लमेंटात कबूल केले ते १९९२ साली. तोवर बाँडचे चित्रपट तीस वर्षे चालू होते.

भारतात १९२३ चा कायदा अद्याप आहे. त्याचे पाचवे कलम ब्रिटनने टाकून दिलेल्या कलमाचेच भावंड आहे. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने त्याची धार बोथट केली आणि २००६ साली दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने तो रद्दच करावा असे सुचविले, पण तो रद्द झाला नाही. १९६८ साली स्थापन झालेली ‘रॉ’ किंवा तिच्याहून कितीतरी जुना गुप्तवार्ता विभाग, यांपैकी कोणालाही संसदेच्या स्वतंत्र कायद्याचा आधार नाही. २००७ साली ‘रॉ’मध्ये काम केलेल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने त्या खात्यातील व्यवहारांवर पुस्तक लिहिले, तेव्हा केंद्रीय अन्वेषण विभागाने या १९२३ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदविला. २०१९ साली मुंबईत राहणाऱ्या, घरखर्चाने गांजलेल्या एका गुप्तवार्ता अधिकाऱ्याची ‘द फॅमिली मॅन’ ही मालिका आली आणि घरोघर पाहिली गेली. तिच्यातील खाते कल्पित आहे. दोन वर्षांनी, २०२१ च्या मे महिन्यात, केंद्र सरकारने निवृत्तिवेतनाचे नियम बदलले. त्यांनुसार गुप्तवार्ता खात्यांतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याने आपल्या कामाविषयी काही छापावयाचे असेल, तर आधी खात्याची परवानगी घेतली पाहिजे.